मध्यरात्रीचे सोनेगाव : नागपूरची रात्रीची हवाई टपाल सेवा

मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही महानगरांपासून विमानमार्गाने सुमारे ७०० ते १,००० किलोमीटरच्या टप्प्यात येणारे नागपूर त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. जानेवारी १९४९ मध्ये केंद्रीय दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने जी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिने या मध्यवर्ती स्थानाचा असा काही उपयोग करून घेतला की, पुढे दोन दशकांहून अधिक काळ देशाच्या चार टोकांचा पत्रव्यवहार रोज मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत राहिला.

या सेवेची मांडणी साधी आणि तितकीच कल्पक होती. रात्री चारही शहरांतून एकेक विमान नागपूरकडे निघे. प्रत्येक विमानात उरलेल्या तीन शहरांसाठी वेगवेगळ्या बांधलेल्या टपालाच्या थैल्या असत. सोनेगावला या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान इतर तिन्ही शहरांचे टपाल घेऊन सकाळपर्यंत आपल्या मूळ शहरी परते. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग आणि जाण्यायेण्याची बारा उड्डाणे लागली असती. नागपूर मध्ये आल्याने तेच काम चार विमाने आठ उड्डाणांत उरकू लागली. डाकोटा जातीचे विमान ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने जाई. त्यामुळे एका बाजूचा प्रवास साधारण तीन तासांचा होई आणि जाणे, अदलाबदल व परतणे हे सारे एका रात्रीत बसे. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना लागू झाली, आणि संध्याकाळी मद्रासला पेटीत पडलेले साधे पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोहोचणे शक्य झाले.

या विमानांतून प्रवासीही जात. मद्रासहून दिल्लीला निघालेल्या प्रवाशाला मध्यरात्री नागपूरला उतरावे लागे आणि थैल्यांची हलवाहलव उरकल्यावर दिल्लीच्या विमानात बसावे लागे. एका केंद्रावर सर्व दिशांची विमाने ठरावीक वेळी एकत्र आणून प्रवासी व माल यांची अदलाबदल करण्याच्या या पद्धतीला आज ‘हब’ म्हणतात. रातोरात पार्सले पोहोचवणाऱ्या फेडएक्स या अमेरिकन कंपनीने मेम्फिस शहरात हीच पद्धत अवलंबली ती १९७३ मध्ये, म्हणजे नागपूरनंतर चोवीस वर्षांनी. या अग्रक्रमाची नोंद वाहतुकीच्या इतिहासात जितक्या ठळकपणे व्हायला हवी होती तितकी झालेली नाही.

सेवेला विरोधही झाला, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. रात्रीच्या उड्डाणांना लागणारे धावपट्टीवरील दिवे, रेडिओ मार्गदर्शन आणि हवामानाची माहिती या सोयी अपुऱ्या असताना अशी घाई करू नये, असे एअर इंडियाचे प्रमुख जे. आर. डी. टाटा यांचे मत होते. आरंभी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने चालवलेली ही सेवा लवकरच हिमालयन एव्हिएशनकडे गेली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती इंडियन एअरलाइन्सची झाली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला नागपूरहून मद्रासकडे झेपावलेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. त्या अपघातात १३ जणांचा मृत्यू झाला. मृतांत कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. योजनेच्या कल्पकतेचे कौतुक करताना ही किंमत विसरता येत नाही.

वेगवान जेट विमाने आली, महानगरांमधील थेट उड्डाणे वाढली, आणि १९७० च्या दशकात ही सेवा थांबली. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने नागपूरच्या ‘मिहान’ प्रकल्पात मालवाहतुकीच्या हबची कल्पना पुन्हा मांडली. तिथे विमान दुरुस्तीचे केंद्र उभे राहिले खरे, परंतु चार दिशांची विमाने एकाच वेळी उतरण्याचे ते जुने दृश्य परतलेले नाही.

आज नागपूरकर परदेशी निघतो तो बहुधा दोहा, शारजा, मुंबई किंवा दिल्ली येथे विमान बदलून, म्हणजे एकेकाळी त्याच्याच शहरात चाललेल्या पद्धतीचा प्रवासी म्हणून. या पद्धतीचा मूळ दोषही तोच आहे: एका विमानाला उशीर झाला की पुढची साखळी तुटते. म्हणूनच दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेणे हिताचे ठरते, कारण तसे केल्यास पुढचे विमान चुकले तरी पर्यायी व्यवस्थेची जबाबदारी सामान्यतः विमान कंपनीवर येते. दोन स्वतंत्र तिकिटे असली की ती प्रवाशाच्याच माथी पडते. परतताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मुंबई वा दिल्लीमार्गे नागपूर गाठणाऱ्याला भारतातील पहिल्या विमानतळावर सामान्यतः आपले सामान उचलून सीमाशुल्क तपासणीतून न्यावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवावे लागते. त्यामुळे दोन विमानांमध्ये इथे अधिक वेळ राखावा लागतो.