यंत्राची भाषा आणि माणसाची भाषा

परक्या मुलखांत व्यवहार करावयाचा म्हणजे दोनच मार्ग असतात. एक तर तेथील भाषा स्वतः शिकावयाची, नाहीं तर दुभाष्या बरोबर घ्यावयाचा. गणकयंत्राशीं माणसाचा व्यवहार सुरू झाला, तेव्हांहि हाच प्रश्न उभा राहिला. त्यावर जो वाद झाला, त्यांतूनच प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा इतिहास घडला आहे.

प्रारंभीं माणूसच यंत्राची भाषा शिकला. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत तयार झालेलें एनिॲक हें यंत्र १९४६ सालीं जगापुढें आलें. त्याला नवें गणित सांगावयाचें म्हणजे तारा एका खांचेंतून काढून दुसरींत बसवावयाच्या आणि कळा फिरवावयाच्या. हें काम सहा तरुण गणिती स्त्रियांकडे सोंपविलेलें होतें. पुढें यंत्राच्या स्मृतींतच आज्ञा सांठवितां येऊं लागल्या. १९४९ सालच्या मे महिन्यांत इंग्लंडांतील केंब्रिज येथें एडसॅक हें अशा जातीचें यंत्र चालू झालें. तारांची दगदग गेली. परंतु आज्ञावली, म्हणजे यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची क्रमवार मांडणी, सांकेतिक अक्षरांत व आंकड्यांतच लिहावी लागे. एक खूण चुकली कीं सारें गणित फसे. एडसॅकचे जनक मॉरिस विल्क्स यांना त्याच वर्षीं उमगलें कीं, आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत खर्ची पडणार!

मग जें यंत्र इतकें गणित करतें, त्यालाच दुभाष्याचें काम कां सांगूं नये? ग्रेस हॉपर या अमेरिकन गणितज्ञ विदुषींनीं १९५२ सालीं या दिशेनें पहिलें पाऊल टाकलें. त्यांनीं रचलेली ए-शून्य ही आज्ञावली, आधीं लिहून ठेवलेले गणिताचे तुकडे फितीवरून उचलून जोडण्याचें काम यंत्राकडूनच करवून घेई. अशा आज्ञावलीला कंपायलर हें नांव मिळालें. त्यानंतर कांहीं वर्षांतच त्यांनीं साध्या इंग्रजी शब्दांनीं चालणारी भाषा मांडली. शब्द बदलले तर तीच आज्ञावली फ्रेंच व जर्मन भाषेंतहि चालेल, हें त्यांनीं वरिष्ठांना करून दाखविलें. वरिष्ठ मात्र बिथरले. फिलाडेल्फियांत घडविलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच कसें कळावें, असा त्यांचा ग्रह! अखेर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरणार नाहीं असें वचन द्यावें लागलें, ही हकीकत हॉपरबाईंनीं पुढें स्वतःच सांगितली.

तज्ज्ञांचा विरोध मात्र असा निव्वळ अज्ञानाचा नव्हता. यंत्राचा वेळ अतिशय महाग होता. दुभाष्यानें रचलेली आज्ञावली निष्णात माणसाच्या आज्ञावलीहून मंद चालली, तर लाभ तो कसला? शिवाय, जी विद्या मूठभरांनाच अवगत होती, ती सर्वांस खुली व्हावी हें अनेकांना रुचलें नाहीं. जॉन बॅकस यांनीं पुढें या मंडळींना पुरोहितवर्गाचीच उपमा दिली.

या आक्षेपाला प्रत्यक्ष कृतीनें उत्तर दिलें तें बॅकस यांनींच. यंत्रावर होणाऱ्या खर्चाइतकाच खर्च आज्ञावली लिहिणाऱ्या माणसांवर होतो, हें त्यांनीं ताडलें होतें. १९५३ च्या अखेरीस त्यांनीं आपली योजना आय.बी.एम. कंपनीपुढें ठेवली आणि १९५७ सालीं फॉर्ट्रान ही भाषा ग्राहकांच्या हातीं आली. बीजगणितांतील सूत्रासारखें वाक्य लिहावें आणि यंत्रानें त्याच्या आज्ञा कराव्यात, अशी तिची घडण होती. त्या वर्षींच्या निबंधांत एक बोलका दाखला आहे. एका गृहस्थानें एक दिवसाचा वर्ग केला, आणि मग चार तासांत ४७ वाक्यें लिहिलीं. यंत्रानें सहा मिनिटांत त्यांच्या सुमारें १,००० आज्ञा बनविल्या. तेंच काम हातानें करण्यास तीन दिवस लागले असते, असा त्याचा अंदाज होता. विशेष हें कीं, दुभाष्याच्या आज्ञा तज्ज्ञांच्या आज्ञांच्या तोडीस तोड चालत. वाद तेथेंच निवळूं लागला.

फॉर्ट्रान शास्त्रज्ञांची भाषा झाली. हिशेब व कारभार यांसाठीं कोबॉल आली. १९५९ सालच्या मे महिन्यांत पेंटॅगॉन येथें सरकार, व्यापारी व यंत्र बनविणाऱ्या कंपन्या यांचे प्रतिनिधि जमले आणि सर्वांना मिळून एकच भाषा असावी असें ठरलें. १९६० च्या डिसेंबरांत एकच कोबॉल आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, अल्पशा फेरफारानें, चालवून दाखविण्यांत आली. भाषा आतां यंत्राची बटीक राहिली नाहीं. म्हणूनच १९६४ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत मोठें गणकयंत्र आलें, तेव्हां त्याचा लाभ घेणाऱ्या शास्त्रज्ञांना यंत्राच्या सांकेतिक खुणा पाठ करीत बसण्याचें कारण उरलें नाहीं.

तथापि दुभाष्याची एक मर्यादा या इतिहासांत स्पष्ट दिसते. त्या ४७ वाक्यांचें पहिलें उत्तर चुकीचें आलें होतें! दुभाष्यानें भाषांतर बिनचूक केलें होतें. चूक लिहिणाऱ्याच्या एका वाक्यांत होती, आणि तें सुधारतांच उत्तर बरोबर आलें. मोठ्या प्रमाणावर हाच अनुभव शतकाच्या अखेरीस आला. जागा वांचविण्यासाठीं असंख्य आज्ञावलींत सालाचे दोनच आंकडे लिहिले होते. २००० साल जवळ येतांच त्या शोधून दुरुस्त करण्यासाठीं जगभर धांवपळ उडाली. यंत्रानें सांगितलें तेंच केलें होतें. सांगणाऱ्यानेंच पुढचा विचार केला नव्हता.

आज तर साध्या बोलण्यावरून आज्ञावली रचून देणारीं साधनें निघालीं आहेत, आणि त्यांच्याविषयीं जुन्याच शंका नव्यानें घेतल्या जात आहेत. दुभाष्या कितीहि चतुर झाला, तरी काय सांगावयाचें हें ठरविणें त्याच्याकडे सोंपवितां येत नाहीं. यंत्राची भाषा शिकण्याचे कष्ट वांचले; स्वतःच्या भाषेंत नेमकें बोलण्याचे कष्ट मात्र माणसाला अद्याप चुकलेले नाहींत.