तळटीप २७ : परशुराम खुणे

२७. परशुराम कोमाजी खुणे, झाडीपट्टी रंगभूमीवरचे बुजुर्ग विनोदी नट. गाव गुरनोली, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. भंडाऱ्याकडच्या साकोली-लाखांदूरच्या मंडईच्या आठवणींत गडचिरोलीचा नट कसा, असे वाचकाला वाटेल. पण हे जिल्हे अलीकडचे : भंडाऱ्यातून गोंदिया १९९९ साली निघाला, चांद्यातून (चंद्रपुरातून) गडचिरोली १९८२ साली. वैनगंगेकाठची झाडी त्याआधीपासून एकच आहे. नाटक मंडळ्यांची पेठ देसाईगंज-वडसा. दिवाळी सरली, धान कापून झाले की गावोगाव मंडईची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या रात्री नाटक. पडदा उशिरा वर जातो, पाहुणेरावळे उजाडेपर्यंत हलत नाहीत. नव्या नाटकाला तालमी जेमतेम. विंगेतला प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो आणि नटाने ते कानावर पडताच आपल्या बोलीत वळवून फेकायचे. यात ज्याला गती नाही, त्याचा हंगाम तिथेच संपतो. खुणे यांच्या नावावर आठशेच्या वर भूमिका आणि पाच हजारांच्या वर प्रयोग सांगितले जातात. गंभीर नाटकाच्या मध्ये हशा पिकवून कथानक पुन्हा रुळावर आणणे हे या नटाचे काम; नायकाच्या कामापेक्षा ते अवघड. त्यांना ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणण्याची रीत आहे. गौरव म्हणून ठीक, वर्णन म्हणून अपुरे : कोंडके पडद्यावरून घरोघरी पोहोचले, खुणे यांनी प्रत्येक गाव स्वतः जाऊन जिंकले. २०२३ साली पद्मश्री. (संपा.)