विजेचे इरले : खोपोली, भिवपुरी आणि ओलीचा इतिहास

१/
थंडीत विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे कशी सांभाळावीत, याविषयीचे बहुतेक नियम बर्फ पडणाऱ्या देशांत तयार झाले. कर्जत आणि खालापूरमध्ये बर्फ पडत नाही. जानेवारीच्या पहाटेही पारा शून्यापासून बराच दूर असतो. तरीही त्या नियमांतला सर्वांत महत्त्वाचा नियम या दोन तालुक्यांतल्या यंत्रांना १९१५ पासून पाळावा लागला आहे. त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
थंडी उपकरणाला दोन बाजूंनी गाठते. पहिली बाजू बॅटरीची. गारठ्यात तिची रासायनिक क्रिया मंदावते आणि शून्याखालच्या तापमानात लिथियम बॅटरी चार्ज केली, तर ती कायमची बिघडू शकते. हा प्रश्न लडाखचा. दुसरी बाजू दवाची. थंड झालेली वस्तू दमट हवेत आली की तिच्या बाहेरच्या आणि आतल्या भागांवर पाणी धरते. हा प्रश्न कोकणचा.

३/
३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत पाण्याची वाफ जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास मावते. १५ अंशांच्या हवेत जेमतेम १३ ग्रॅम. हवा निवली की जास्तीच्या वाफेला जागा उरत नाही आणि ती जवळच्या थंड पृष्ठभागावर थेंब होऊन बसते. गवतावरचे दव, गार पाण्याच्या तांब्यावर आलेले थेंब आणि बंद पडलेल्या यंत्रातली ओल ही एकाच नियमाची रूपे आहेत.

४/
आता भूगोल पाहू. समुद्रावरून आलेले ढग बोरघाटाच्या भिंतीला अडतात आणि लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. घाटमाथ्यावरचे हे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारे. ते अडवून पश्चिमेला खोपोलीकडे सोडले, तर सुमारे १,७०० फुटांची उडी मिळते. त्या उडीत वीज होती.

५/
जमशेटजी टाटांनी या योजनेचा ध्यास घेतला होता. पण १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये वळवणच्या धरणाची कोनशिला बसली. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना घाटाच्या पाण्यावरची वीज मिळू लागली.

६/
उद्घाटन फेब्रुवारीत झाले, कोरड्या ऋतूत. खरी परीक्षा जूनमध्ये होती. जे पाणी जनित्र फिरवते, तेच जनित्राच्या वेटोळ्यांत शिरले तर त्याचा घात करते. पाऊस जितका अधिक तितकी वीज अधिक, आणि पाऊस जितका अधिक तितका विजेला धोका अधिक. खोपोलीचे केंद्र या पेचातच जन्मले.

७/
पहिला धोका उघड्यावरच्या तारेला होता. खोपोलीहून मुंबईतल्या परळपर्यंतचे अंतर सुमारे ४३ मैल. एवढ्या लांब वीज नेताना गळती परवडावी म्हणून दाब १,००,००० व्होल्टचा ठेवला गेला. त्या दाबाची तार लोखंडी मनोऱ्यावर टेकवायची, तर मध्ये चिनी मातीचा विद्युतरोधक हवा. आणि तो भर पावसात कोरडा राहायला हवा.

८/
तोवर रूढ असलेले खुंटीवर बसवायचे रोधक साठ-सत्तर हजार व्होल्टच्या पुढे निभत नसत. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत नवी युक्ती निघाली : चिनी मातीच्या चकत्या साखळीसारख्या एकाखाली एक टांगायच्या आणि तार त्यांच्या शेवटाला लोंबती ठेवायची. दाब वाढला की चकत्या वाढवायच्या. ही युक्ती आठ वर्षे आधी निघाली नसती, तर खोपोली-परळ तार त्या दाबावर उभी राहणे अवघड होते.

९/
या चकत्यांचा आकार नीट पाहावा. वरून उतरता, खालून पोकळ आणि वळ्यावळ्यांचा. पावसाचे पाणी वरून निथळते, पोटाचा भाग कोरडा राहतो आणि विजेला पृष्ठभागावरून सरकत जाण्याची वाट मिळत नाही. भातलावणीच्या वेळी खालापूरच्या खाचरांत वाकलेल्या माणसाच्या पाठीवरचे इरले हेच काम करते. इरल्याखालचा माणूस पावसातच असतो. फक्त त्याची पाठ कोरडी असते.

१०/
मुसळधार पावसापेक्षा दव अधिक घातक ठरू शकते, ही या विद्येतली विलक्षण गोष्ट. जोराचा पाऊस रोधकावरची धूळ धुऊन टाकतो. दसऱ्यानंतर मात्र ती पुन्हा साचू लागते : रस्त्यांची, खाणींची, कारखान्यांची. मग पौष-माघातल्या पहाटे धुके उतरते, त्या धुळीचा पातळ ओला लेप होतो आणि त्यातून वीज वाट काढते. क्षणभर ठिणगी उडते, वाहिनी बंद पडते. कोकणातल्या थंडीचा विजेवरचा खरा हल्ला हा आहे. त्याला उत्तर एकच : रोधक वेळोवेळी पुसणे आणि धुणे.

११/
दुसरा धोका छपराखालच्या यंत्रांना. चालू जनित्र स्वतःच्याच उष्णतेने कोरडे राहते. ते थांबले की हळूहळू निवते आणि भोवतालची दमट हवा त्याच्या तांब्याच्या वेटोळ्यांवर दव सोडते. वेटोळ्यांवरचे कापड, अभ्रक आणि रोगण ओल धरतात. अशा अवस्थेत यंत्र एकदम पूर्ण दाबावर जोडले, तर आवरण फुटून ते जळू शकते. श्रमलेल्या यंत्राइतकीच काळजी विसावलेल्या यंत्राची घ्यावी लागते.

१२/
म्हणून थांबलेल्या मोठ्या विद्युतयंत्रांत ऊब देणारे छोटे हीटर लावून ठेवण्याची रीत पडली. यंत्र भोवतालच्या हवेपेक्षा चार-पाच अंश उबदार असले तरी दव धरत नाही. कोकणातल्या घराला हे ठाऊकच होते. पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यावर बियाणे, सुकी मासळी आणि मिरच्या ठेवतात, त्या याच हिशेबाने. धूर आणि मंद ऊब यांच्यामुळे ओल तिथवर पोहोचत नाही.

१३/
ओल डोळ्यांना दिसत नाही. ती मोजावी लागते. इंग्लंडमध्ये सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये विद्युतरोध मोजण्याचे उपकरण तयार केले. पुढे ते ‘मेगर’ या नावाने जगभर गेले. हाताने दांडा फिरवायचा, काटा पाहायचा. काटा खाली असेल, तर यंत्र ओलावले आहे. मग कमी दाबाचा प्रवाह सोडून ते तासन् तास, प्रसंगी दिवसेंदिवस सुकवायचे आणि पुन्हा मोजायचे. घाई करणाऱ्याला ही विद्या जमत नाही.

१४/
तिसरी जागा रोहित्राची. रोहित्रातले तेल दिवसा भाराने तापून फुगते, रात्री निवून आकसते. आकसताना ते बाहेरची हवा आत ओढते; म्हणजे रोहित्र अक्षरशः श्वास घेते. श्रावणातल्या रात्रीचा असा एकेक श्वास तेलात पाण्याचे कण सोडतो, आणि दशलक्ष भागांत काही थोडे भाग पाणीही तेलाची रोधकता घटवायला पुरते.

१५/
त्या श्वासाच्या वाटेत ओल शोषणारे द्रव्य ठेवणे हा त्यावरचा उपाय. आरंभी कॅल्शियम क्लोराइड वापरत; ते ओल शोषता शोषता स्वतःच विरघळे. १९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर पॅट्रिक यांनी सिलिका जेलचे पेटंट घेतले. हे दाणे ओल शोषतात, तापवले की सोडतात आणि पुन्हा कामाला येतात. रंगद्रव्य मिसळले की कोरडे असताना निळे, ओलावले की गुलाबी दिसतात. औषधांच्या आणि चपलांच्या डब्यांत मिळणारी पुडी ती हीच.

१६/
१९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. त्याला पाणी आंध्रा खोऱ्यातल्या ठोकरवाडी धरणाचे. १९२९-३० मध्ये कल्याण-पुणे रेल्वेमार्गावर १,५०० व्होल्टची तार आली आणि बोरघाटात विजेची इंजिने धावू लागली. त्यांतल्या मालगाडीच्या इंजिनाला कर्मचाऱ्यांनी ‘खेकडा’ असे नाव दिले. उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी.

१७/
आता हे सारे संकट चाकांवर आले. कर्जत सोडले की चढ ३७ फुटांना १ फुटाचा. मंद गती, पूर्ण भार, मोटारी तापलेल्या. त्यांना थंड ठेवायला पंख्यांनी बाहेरची हवा आत घ्यावी लागते आणि पावसाळ्यात ती हवा म्हणजे ढगच. माथ्यावर पोहोचून इंजिन धुक्यात थांबले की तापलेली मोटार निवू लागते. खोपोलीत ऋतूच्या गतीने घडणारी गोष्ट घाटात एका फेरीत घडू शकते.

१८/
हा सारा आटापिटा कोणासाठी होता, हेही सांगायला हवे. १९१५ ची तार खालापूरच्या खाचरांवरून गेली ती परळला उतरण्यासाठी. रोधक कोरडे राहिले, मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्याच तारांखालच्या अनेक ठाकर आणि कातकरी वाड्यांत विजेचा दिवा स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनी लागला. डोंगराचे पाणी आणि पायथ्याची जमीन इथली होती. उजेड दूरचा होता.

१९/
पुढे वीज वाड्यांवर आली, तेव्हा तिच्यासोबत खोपोलीची शिस्त आली नाही. जनित्रापाशी मेगर घेऊन उभा राहणारा माणूस असतो. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीवर ठोकलेल्या बोर्डापाशी कोणी नसतो. आषाढात ती भिंत पाझरते. मोठ्या यंत्रात ओल शिरली तर यंत्र जळते. घरातल्या बोर्डात शिरली तर झटका माणसाला बसतो. धोक्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. संरक्षण मात्र समान वाटले गेले नाही. म्हणून चांगले अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच ही चैन नव्हे. ते गरिबाच्या घराचे इरले आहे.

२०/
आता हातातला फोन. ३० अंशांच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे २६ अंशांखालच्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. वातानुकूलित डब्यातून किंवा गाडीतून जुलैत कर्जतला उतरणाऱ्या प्रवाशाचा फोन आणि कॅमेरा नेमका असा थंड असतो. भिंगावर धुके दिसते. आतले दिसत नाही. थंड देशांतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो : उपकरण पिशवीत बंदच ठेवावे, अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेइतके होऊ द्यावे, मगच काढावे आणि त्यानंतरच चार्जिंगला लावावे.

२१/
भिजलेला फोन तांदळात ठेवण्याची रूढी भाताच्या या मुलखातही आहे. तांदूळ ओल फार हळू शोषतो आणि त्याचा भुगा फोनच्या फटींत जातो. २०२४ मध्ये ॲपलनेही असे करू नये, असे सांगितले. धान्य स्वतः ओलावू नये म्हणून इथला शेतकरी शेणाने सारवलेल्या कणगीत ते जपत आला आहे. ज्याला जपावे लागते, त्याच्याकडे राखण कशी सोपवावी? फोन बंद करून वाऱ्यावर ठेवणे अधिक बरे.

२२/
टीव्ही, संगणक, इन्व्हर्टर पावसाळाभर बंद राहणार असतील, तर आठवड्यातून एकदा, वीज कडाडत नसताना, ते तासभर चालवावेत. त्यांची स्वतःची ऊब त्यांना कोरडे ठेवते. थांबलेल्या जनित्राचा धडा घरातल्या लहान यंत्रालाही लागू आहे.

२३/
खोपोलीचे आणि भिवपुरीचे पाणी आजही वीज करून पाताळगंगेला आणि उल्हास नदीला मिळते. पुढच्या आगोटीला, घरे शाकारण्याच्या आणि सरपण भरण्याच्या दिवसांत, रस्त्याकडेच्या रोहित्राकडे एकदा मान वर करून पाहावे. त्याच्या कडेला दाण्यांची एक छोटी काचेची बरणी असते. दाणे निळे असतील, तर कोणीतरी आपले काम वेळेवर केले आहे. गुलाबी असतील, तर ओल आत शिरू लागली आहे आणि गावाने वीज कार्यालयाला कळवण्याची वेळ झाली आहे.

(समाप्त)