तारा निघाल्यानंतरची शंभर वर्षं

1879 च्या ईस्टरला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलच्या खोलीत जोसाया बेकन नावाच्या माणसाचा गोळी लागून मृत्यू झाला. बेकन हा गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीचा खजिनदार आणि गोळी झाडणारा सॅम्युएल चाल्फंट हा दंतवैद्य. भांडण होतं रबरावरून. गंधक घालून तापवलेलं कडक रबर, म्हणजे व्हल्कनाइट, कवळीसाठी वापरलं की टाळूवर नेमकं बसायचं आणि सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडायचं. पण पेटंट कंपनीच्या खिशात. दरवर्षी परवान्याचे पैसे भरा, वर रॉयल्टी द्या; नाही दिली तर बेकन शहरोशहरी शोधून कोर्टात खेचणार. चाल्फंटने त्याच्यापायी गावं बदलली होती. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि 1881 मध्ये पेटंटच संपलं. आता व्हल्कनाइट कुणीही वापरावं.

वॉशिंग्टनच्या चार्ल्स हॉली यांनी ते तारांनी दात सरळ झाल्यानंतरच्या कामाला लावलं. 1919 मध्ये त्यांनी दात जागेवर धरून ठेवणारं जे साधन, म्हणजे रिटेनर, छापून मांडलं, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं: टाळूला लागून बसणारी प्लेट, दाढांना धरणारे आकडे आणि पुढच्या सहा दातांवरून जाणारी एक तार. पुढे व्हल्कनाइट जाऊन ॲक्रिलिक आलं, तार स्टेनलेस स्टीलची झाली. आराखडा तोच राहिला. या आराखड्यातली खरी हुशारी सुळ्यांजवळच्या दोन वळणांत आहे. तार सैल पडली की डॉक्टर पकडीने ती वळणं किंचित दाबतात आणि रिटेनर पुन्हा घट्ट बसतो. काढून ठेवता येणाऱ्या रिटेनरांत इतकी सोपी दुरुस्ती क्वचितच मिळते.

पण सरळ झालेले दात धरून ठेवायची गरजच काय? दात सरळ करण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे एडवर्ड अँगल यांचा भरवसा असा, की वरचे-खालचे दात एकमेकांत नीट बसवले की चावण्याचा जोरच त्यांना जागेवर ठेवेल. तोवर थोडे दिवस आधार दिला की झालं. हा विश्वास बराच काळ टिकला, कारण रुग्ण समाधानाने घरी जायचे आणि वीस वर्षांनी दात दाखवायला कुणी परत येत नसे.

नॉर्वेच्या कारे राइटान यांनी 1959 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की फिरवून सरळ केलेल्या दाताभोवतीचे हिरडीतले तंतू दोनशेहून अधिक दिवसांनंतरही ताणलेलेच असतात. हाड भरून येतं, हिरडीचा ताण मात्र दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतो. पहिलं वर्ष जपायचं ते यासाठी.

पुढचा धक्का सिएटलहून आला. वॉशिंग्टन विद्यापीठात जुन्या रुग्णांना वर्षांनुवर्षं परत बोलावून दातांचे साचे घेत असत. रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी ते मोजले. 1981 च्या अभ्यासात 65 रुग्ण होते. रिटेनर सुटून दहा वर्षं झाल्यावर जवळपास दोनतृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे होते. 1988 मध्ये वीस वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा चांगल्या स्थितीत उरले जेमतेम 10 टक्के. कुणाचे दात फिरतील आणि कुणाचे नाहीत, हे आधी सांगताही येईना. ज्यांनी कधी तारा लावल्याच नाहीत, त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटतात, हेही याच विद्यापीठात दिसलं. बिचाऱ्या अक्कलदाढेवर खापर फोडण्याची रीत जुनी, पण ती काढल्याने ही दाटी टळते याला भक्कम पुरावा नाही.

तेव्हा ‘दोन वर्षं घाला’ हा सल्ला बदलून ‘दात सरळ हवेत तोवर रात्री घाला’ असा झाला. आयुष्यभर घालायचं तर वस्तू हलकी आणि न दिसणारी हवी. 1993 मध्ये लुइझियानाच्या जॉन शेरिडन यांनी एसिक्स हा पारदर्शक रिटेनर आणला: प्लॅस्टिकची पातळ चकती तापवून दातांच्या साच्यावर ओढून बसवायची. तो उष्णतेने घडतो, म्हणून उष्णतेनेच बिघडतो. उकळत्या पाण्यातून काढलं म्हणजे स्वच्छ झालं, ही आपल्या घरांतली समजूत इथे नडते. कढत पाण्यात किंवा उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेला रिटेनर वेडावाकडा होतो आणि डॉक्टरही तो सरळ करू शकत नाहीत. साधं पाणी, मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरेसं. टूथपेस्टने चरे पडतात आणि त्यांत घाण साचते.

रिटेनरच्या एका तक्रारीतून तर अब्जावधींचा धंदा निघाला. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या झिया चिश्ती यांनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. रिटेनर काही दिवस घातला नाही तर तो घट्ट लागतो आणि पुन्हा घालत राहिलं की दात मागे येतात, हे त्यांनी स्वतःच्या तोंडात अनुभवलं. मग थोड्याथोड्या फरकाचे असे अनेक साचे ओळीने घातले, तर दात हवे तिथे का नेता येऊ नयेत? केल्सी वर्थ यांच्यासोबत 1997 मध्ये त्यांनी कंपनी काढली, तीच इन्व्हिझलाइन या पारदर्शक साच्यांची. दोघंही दंतवैद्य नव्हते.

चिश्तींना जाणवलेला तो घट्टपणा घरोघरच्या रुग्णांना कळण्यासारखा आहे. दोन-चार दिवस चुकले आणि रिटेनर आवळतोय, पण पूर्ण बसतोय, तर सलग घातल्यावर तो बहुधा सैलावतो. दात आणि प्लॅस्टिक यांच्यात फट राहत असेल, तर चावून दाबून बसवू नये; त्याने तो तडकतो किंवा दाताला इजा होते. काहींना काढता येणाऱ्या रिटेनरऐवजी दातांमागे तार चिकटवतात; तिचं दुखणं उलटं. एका दातावरून ती सुटली तरी रुग्णाला पत्ता लागत नाही आणि तेवढा एकच दात सरकत जातो. आरशात ती दिसत नाही, म्हणून जिभेने अधूनमधून चाचपावी आणि सहा महिन्यांनी दाखवून यावं.

तारा काढायच्या दिवशी डॉक्टरांकडून दातांचा साचा किंवा स्कॅन मागून घ्यावा. जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला रिटेनर ताटाबरोबर कचऱ्यात जातो, हे दवाखान्यांत नेहमी ऐकू येतं. त्या साच्यावरून दुसरा करता येतो, पण दात सरकायच्या आत, पहिल्या काही दिवसांतच.