जमीन दिली, पुढे काय?

एखादी शेतजमीन विकत घ्यायला निघालात आणि सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असं दिसलं, की समोरचा एजंट एकदम सावध होतो. कारण ही जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्याला वाटतं, काय ही लालफीत! पण या अटीमागचं दुखणं समजून घ्यायचं असेल तर खानदेशात जायला हवं, तेही दोनशे वर्षं मागे.

सुरतहून भुसावळकडे येताना नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव अशी स्टेशनं लागतात. नरडाणा आज महामार्ग आणि एमआयडीसीमुळे माहीत असतं. 1825 साली यातलं काहीच नव्हतं. पेशवाई बुडून 1818 मध्ये इंग्रज इथे आले, तेव्हा अनेक गावं ओस पडली होती. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्लांच्या टोळ्या होत्या, आणि सात वर्षं लष्कर पाठवूनही त्या आटोक्यात आल्या नव्हत्या.

मग मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात नवं धोरण ठरलं. तीन भिल्ल एजन्सी निघाल्या: एक नंदुरबारला, एक धरणगावला आणि तिसरी चाळीसगावच्या वर डोंगरात, कन्नडला. म्हणजे नरडाण्याच्या एका अंगाला एक एजन्सी, दुसऱ्या अंगाला दुसरी! धरणगावला जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने भिल्ल कोअर उभी केली. शिकारीच्या नादाने त्याने भिल्लांचा विश्वास मिळवला, ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते.

पण या धोरणाचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. डोंगर सोडून खाली येईल त्याला जुने गुन्हे माफ, कसायला जमीन, बरीच वर्षं सारा माफ आणि बैल-बियाण्यासाठी तगाई. सरकारी खर्चाने वसवलेल्या शेतकऱ्यांच्या वसाहतीच म्हणा ना! ज्यांच्यावर कालपर्यंत बंदुका रोखल्या होत्या, त्यांनाच आज नांगर दिला. त्या काळाच्या मानाने हे धाडसच होतं.

मग ते लोक टिकले का? इथे खरी मेख आहे. सरकारला हवी होती शांतता, आणि ती मिळाली. दरोडे कमी झाले, प्रकल्प यशस्वी! आपल्या भाषेत सांगायचं तर गो-लाइव्ह झालं, पण मेंटेनन्सची तरतूदच नव्हती. कोअरमधल्या शिपायाला दर महिन्याला पगार होता. वसाहतीतल्या शेतकऱ्याला पाऊस चुकला की काहीच नव्हतं. पूर्वी अशा वेळी जंगल होतं. 1878 च्या कायद्यानंतर राखीव जंगलं वाढत गेली आणि तोही आधार आटला. उरला फक्त सावकार.

दरम्यान जमीनही बदलली होती. मोजणी झाली, सारा रोखीत ठरला, जमीन विकता आणि गहाण टाकता येऊ लागली. रेल्वे आली आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (1861-65) कापसाचे भाव कडाडले. जी माळरानं फुकट द्यावी लागत होती, त्यांच्यावर आता सगळ्यांचा डोळा. अंगठा उठवलेल्या खतावर शेत गेलं, आणि अनेक भिल्ल स्वतःच्याच जुन्या शेतात सालदार म्हणून राबू लागले.

1901 मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती परवानगीशिवाय विकायची नाही, गहाण टाकायची नाही, अशी अट घालता येऊ लागली. हीच 'नवी शर्त'. गंमत म्हणजे फिरोजशहा मेहता आणि गोखले यांनी हिला कडाडून विरोध केला; मेहता सहकाऱ्यांसह कौन्सिलमधून उठून गेले. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता: जे गहाण टाकता येत नाही त्यावर कर्ज कोण देणार? सावकाराला दार बंद केलं, पण बँकेचं दार उघडलंच नव्हतं.

हिशेब तुंबतच गेला. 1972 मध्ये शहाद्याला अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने आदिवासींचा भूमुक्ती मेळावा भरला आणि गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या. 1974 साली कायदे झाले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात अशी गेलेली जमीन परत मिळू शकते.

तारखा पुन्हा वाचा. 1957 च्या आधी, म्हणजे पणजोबाच्या अंगठ्याने गेलेल्या शेताचं काय? त्याला या कायद्यात जागाच नाही.

म्हणून मला वाटतं, अशा योजनेचं यश किती एकर वाटले यावर मोजू नये. वाटलेल्या एकरांपैकी किती एकर त्याच घराच्या तिसऱ्या पिढीच्या नावावर आहेत, हे बघावं. आणि 'वर्ग 2' च्या नावाने बोटं मोडण्याआधी एवढं लक्षात ठेवावं, की नुसती अट घालून जमीन टिकत नाही, पण अट नव्हती तेव्हा ती किती लवकर गेली हे खानदेशाने पाहिलेलं आहे.