वेट्झलारचा कारागीर आणि त्याचा कॅमेरा

ज्यांच्या घरी ट्रंकेत जुना रिळाचा कॅमेरा अजून जपून ठेवलेला असेल, त्यांनी तो एकदा बाहेर काढावा, चावी फिरवावी, कानाशी धरावा आणि चाप दाबावा. आत स्प्रिंगा आणि दंतचक्रे यांखेरीज बहुधा काही नसते. बॅटरी नाही, वीज नाही. तरीही त्यांतील उत्तम बनावटीचे कॅमेरे पन्नास-साठ वर्षांनंतरही सेकंदाचा पाचशेवा भाग मोजतात. अशा यंत्रांत ज्याचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते, त्या लायका कॅमेऱ्याची ही हकीकत आहे.

त्याचा जनक ऑस्कर बारनाक हा १८७९ साली जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतात जन्मला. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. बर्लिनजवळ एका यांत्रिकाच्या हाताखाली उमेदवारी करून तो सूक्ष्म यंत्रांचे काम शिकला. (मुलाने कारखान्यात हात काळे करावेत ही कल्पनाही ज्यांना सोसत नाही, अशा पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.) पुढे येना गावी त्साइस कंपनीत असताना त्याला छायाचित्रणाचा नाद लागला, परंतु त्याला दम्याचा विकार होता. १३ × १८ सेंटिमीटरच्या काचा, त्यांच्या चौकटी आणि भलामोठा कॅमेरा पाठीवर घेऊन रानातले चढ चढणे त्याच्या छातीला झेपेना. नेगेटिव्ह लहान घ्यावे आणि चित्र नंतर मोठे करावे, हा विचार तेथेच त्याच्या मनात आला.

१९११ साली तो वेट्झलार येथील एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात दाखल झाला. हा कारखाना सूक्ष्मदर्शकांसाठी प्रसिद्ध होता. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म तेव्हा सर्वत्र मिळू लागली होती. सिनेमात तिच्यावर १८ × २४ मिलिमीटरचे चित्र उमटे. बारनाकने फिल्म आडवी चालवून चित्र दुप्पट, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरचे केले. १९१४ सालापर्यंत खिशात मावेल असा धातूचा नमुना तयार झाला. त्यातील एक खुबी विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. एकच चावी फिरवली की फिल्म पुढे सरके आणि त्याच वेळी शटरही ताणले जाई. त्यामुळे एकाच जागी दोन चित्रे उमटण्याची चूक होतच नसे. शटर म्हणजे कापडाचा पडदा. त्याला एक फट ठेवलेली असे आणि ती फिल्मसमोरून सरकत जाई. फट जितकी अरुंद, तितका प्रकाश कमी.

मग महायुद्ध आले आणि काम मागे पडले. १९२३ साली जर्मन चलनाची पार माती झाली होती. अशा मंदीत, ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही असा कॅमेरा बाजारात आणावा की नाही यावर कारखान्यात मतभेद होते. १९२४ साली दुसरे एर्न्स्ट लाइट्झ यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि धोका पत्करण्याचा निर्णय दिला. कामगारांच्या हाताला काम मिळावे हाही त्यांचा हेतू होता. माक्स बेरेक यांनी भिंग तयार केले आणि १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लायका लोकांपुढे आला.

१९३२ च्या नमुन्यात अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. दोन प्रतिमा एकमेकींवर आल्या की चित्र स्पष्ट, इतके सोपे. बारनाक १९३६ साली वारला. १९५४ चा एम-३ त्याने पाहिला नाही. परंतु माझ्या मते यांत्रिक कारागिरीचा कळस तोच. त्याचे भिंग फिरकीसरशी बसते आणि चापाचा आवाज शेजाऱ्यालाही जेमतेम ऐकू जातो.

लाइट्झ घराण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाझी राजवटीत त्यांनी आपल्या ज्यू नोकरांना व इतरांना परदेशी धाडून वाचवले. कन्या एल्झी हिने एका ज्यू स्त्रीला मदत केली म्हणून १९४३ साली तिला गेस्टापोच्या कैदेत राहावे लागले. त्याच कारखान्यात युद्धकाळी सक्तीने आणलेले मजूर राबत होते, हेही खरे. इतिहास सांगायचा तर दोन्ही सांगावे लागते.

आपल्या देशाशीही या कॅमेऱ्याचा एक दुःखद संबंध आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना भेटले. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. बिर्ला हाउसच्या फाटकावर ती वार्ता लोकांना सांगणारे पंडित नेहरू त्यांच्या चित्रात आहेत. अंधार, गर्दी आणि हातात एक लहानसे यंत्र. जडशीळ कॅमेरा असता तर ते चित्र कदाचित मिळालेच नसते.

आज खिशातल्या मोबाइलवर दिवसाला शंभर चित्रे निघतात. रिळात छत्तीसच असत. म्हणून माणूस आधी पाही, मग चाप दाबी. गंमत अशी की ही यंत्रे अजून मागितली जातात. एम-६ हा फिल्मचा कॅमेरा कंपनीने २०२२ साली पुन्हा बनवायला घेतला. त्याच वर्षी वेट्झलारला १९२३ च्या सुमाराच्या चाचणी-नमुन्यांपैकी १०५ क्रमांकाचा कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तो बारनाकने स्वतः वापरलेला होता. त्याच्या दर्शकावर त्या कारागिराचे नाव कोरलेले आहे.