रविवारच्या सुट्टीचा इतिहास

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, हा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करून त्याचा घट्टा पडलेला खांदा शेकावयाचा, दुसऱ्या दिवशी त्याला न्हाऊ घालून गोड घास द्यावयाचा आणि त्याच्याकडून कसलेही काम घ्यावयाचे नाही, ही रीत शेतकऱ्याने कोणाच्या सक्तीने स्वीकारलेली नाही. जुन्या पाठशाळांतूनही अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या व प्रतिपदा ह्या तिथींना अनध्याय पाळीत असत. श्रम शरीराचा असो वा बुद्धीचा, त्याला ठराविक काळाने खंड पडला पाहिजे, ही जाणीव आपल्या समाजाला नवी नव्हती. परंतु ज्या दिवशी श्रमाची गती बैलाच्या पावलावरून यंत्राच्या चाकावर गेली, त्या दिवशी ही जाणीव गिरणीच्या दाराबाहेर राहिली.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढल्या तीस वर्षांत गिरण्यांची धुराडी शहरात दाटीने उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतून आलेले हजारो लोक त्यांत काम करू लागले. विजेचे दिवे तेव्हा नव्हते. म्हणून सूर्य उगवला की यंत्र सुरू आणि सूर्य मावळला की यंत्र बंद, हेच वेळापत्रक होते. अर्थात् उन्हाळ्यात दिवस मोठा, तर मजुरीही मोठी. हिवाळ्यात सुमारे अकरा तास भरत, ते उन्हाळ्यात तेरांवर जात. खात्यात कापसाचे तंतू हवेत उडत असत आणि सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागे. अशा जागेत माणूस दिवसभर उभा असे.

सुट्ट्या मुळीच नव्हत्या असे नाही. दिवाळी, होळी अशा मोठ्या सणांना गिरणी बंद राही. परंतु वर्षाकाठी ह्या सुट्ट्या पंधराच्या आसपास भरत. शिवाय बंदच्या दिवशीही यंत्रे पुसून स्वच्छ करण्यासाठी कामकऱ्यांना दुपारपर्यंत बोलाविण्याची चाल अनेक गिरण्यांत होती. मालकांच्या बाजूने असे सांगण्यात येई की, येथील मजूर कामात मधून मधून उसंत घेतोच, आणि वर्षातून महिना-दोन महिने गावीही जातो. मग त्याला आणखी विश्रांती कशाला? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक गोष्ट विसरली जाते. वर्षाची झोप जशी एका महिन्यात घेता येत नाही, तशीच वर्षाची विश्रांतीही साठवून ठेवता येत नाही. थकवा रोज साचतो. त्याचा निचराही थोड्या थोड्या दिवसांनी व्हावा लागतो.

ही गोष्ट ज्याने नेमकी ओळखली, त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाणे येथे जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी प्रथम रेल्वेत व टपालखात्यात नोकरी केली आणि पुढे मांडवी येथील एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. तेथे मजुरांचे जिणे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले. जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर ह्यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र लोखंडे १८८० पासून मुंबईहून चालवू लागले आणि त्या पत्राच्या द्वारे गिरणगावाचे गाऱ्हाणे लोकांपुढे मांडू लागले.

सरकारने १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा केला खरा. पण त्याचे संरक्षण मुलांपुरते होते. सात वर्षांखालील मुलांस कामास लावण्याची मनाई झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा व महिन्यास चार सुट्ट्या मिळाल्या. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या वाट्यास काहीच आले नाही. पुढे मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, तेव्हा सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे ह्यांनी मजुरांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांच्या साधेपणाचेच नवल वाटते. दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, व कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय असावी. त्या यादीत रविवारचे नाव पहिले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विणकराला वेतन कापडाच्या मापाने मिळे आणि रोजंदारीच्या माणसास हजर दिवसांचे. अशा कामकऱ्याच्या दृष्टीने सुट्टीचा दिवस म्हणजे कमाई बुडण्याचा दिवस होता. हातातोंडाची गाठ कशीबशी पडणारी माणसे पदरची मजुरी सोडून विश्रांती मागत होती. त्यावरून त्यांचे शरीर किती मेटाकुटीस आले असेल, ह्याची कल्पना करावी. शिवाय काळही प्रतिकूल होता. मँचेस्टर व लँकेशायरच्या कारखानदारांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा सलत होती आणि येथे कडक कायदे व्हावेत म्हणून ते विलायतेत खटपट करीत होते. त्यामुळे मजुरांची बाजू घेणे म्हणजे परक्यांच्या हाती कोलीत देणे, असे अनेक देशाभिमानी पुढाऱ्यांना व पत्रांना प्रामाणिकपणे वाटे. देशी धंदा जगावा ही त्यांची इच्छा रास्त होती. परंतु तो ज्यांच्या हाडांवर उभा होता, त्यांचा विचार मागे पडत होता. लोखंडे ह्यांना ह्या दोन्ही बाजूंच्या मधून वाट काढावी लागली.

अर्ज दप्तरात पडून राहिला, तरी लोखंडे ह्यांनी तो विषय सोडला नाही. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळी सुशिक्षित घरांतील स्त्रियाही क्वचितच सभेत बोलत, हे लक्षात घेता ह्या प्रसंगाचे मोल कळते. सभेची मागणी एकच होती, आठवड्यास एक दिवस सुट्टी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संस्थेने ती मान्य केली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवे कमिशन नेमले व त्यात मुंबईच्या बाजूने लोखंडे ह्यांना साहाय्यक सभासद म्हणून घेतले. १८९१ साली झालेला कायदा १ जानेवारी १८९२ पासून अमलात आला आणि साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे पाठबळ मिळाले. रविवार हा मूळचा ख्रिस्ती लोकांचा उपासनेचा वार खरा. पण देशावरून आलेल्या मजुराच्या घरी तोच खंडोबाचाही वार होता. त्यामुळे ही सुट्टी त्याला परकी वाटली नाही.

सातव्याच दिवशी विश्रांती का, असा प्रश्न पुढे अनेकांनी केला आणि दोन राष्ट्रांनी त्याचा प्रयोगही करून पाहिला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा ठरविण्यात आला. नऊ दिवस राबून दहाव्या दिवशी विसावा घेणे लोकांस रुचले नाही, आणि १८०६ च्या आरंभापासून जुनी कालगणना परत आली. सोव्हिएट रशियाने १९२९ साली कारखाने अखंड चालावेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला व प्रत्येकास निरनिराळा सुट्टीचा वार दिला. परिणाम असा झाला की नवऱ्यास सुट्टी असे तेव्हा बायको कामावर, आणि दोघांस सुट्टी असे तेव्हा मुले शाळेत. १९३१ साली ही पद्धत बदलावी लागली आणि १९४० साली सात दिवसांचा आठवडाच पुन्हा सुरू झाला. विश्रांतीचा दिवस फार लांब असून चालत नाही आणि तो घरातील माणसांना एकत्र मिळावा लागतो, एवढा बोध ह्या दोन प्रयोगांतून निघतो.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतून आठवड्याचे सातही दिवस काम घेण्यात येऊ लागले. देशाचा प्राण पणास लागलेला असताना सुट्टी कसली, अशी भावना होती. कामगारांच्या आरोग्याच्या चौकशीसाठी १९१५ साली तेथे एक समिती नेमली गेली. तिने पहिलेच टिपण रविवारच्या कामावर लिहिले आणि रविवारची विश्रांती परत द्यावी, अशी शिफारस केली. सतत राबणाऱ्याचे हात मंदावतात, चुका व अपघात वाढतात, आजारपणाची गैरहजेरी वाढते आणि सातव्या दिवसाचे काम हिशेबात दिसले तरी मालात उतरत नाही. जे मुंबईच्या अडाणी म्हणविलेल्या मजुरांनी १८८४ साली अर्जात लिहून दिले होते, तेच तेथे मोजमापाने सिद्ध झाले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने दर सात दिवसांत सलग चोवीस तासांची विश्रांती कारखान्यांसाठी ठरविली आणि हिंदुस्थानने तो करार १९२३ साली मान्य केला.

लोखंडे हे सर्व पाहण्यास राहिले नाहीत. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता लोकांची शुश्रूषा करताना त्यांनाही त्या रोगाने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. ज्या गिरण्यांसाठी ती सुट्टी मिळविली, त्यांपैकी बहुतेक १९८२ च्या संपानंतरच्या काळात बंद पडल्या; त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. रविवार मात्र राहिला.

तथापि तो सर्वांचा राहिला आहे काय, हा प्रश्न सुखवस्तू कुटुंबांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे. कचेरीतील माणूस रविवारी उशिरा उठतो, आणि त्याच्या घरी भांडी घासण्यास मोलकरीण नेहमीच्याच वेळेस येते. पाहुण्यांमुळे त्या दिवशी भांडी अधिक असतात. घरातील गृहिणीचाही रविवार इतर वारांहून जड असतो. घरकामगारांनाही आठवड्यात सलग चोवीस तासांची विश्रांती असावी, असा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला. म्हणजे गिरणीमजुराला जे १८९० साली मिळाले, त्याची नुसती नोंद होण्यास घरकाम करणारीच्या बाबतीत आणखी एकशे एकवीस वर्षे लागली. घरात गिरणीसारखे मालकांचे मंडळ नसते आणि महालक्ष्मीच्या मैदानावर सभाही भरवावी लागत नाही. घरच्या माणसांनी आठवड्यातील एक दिवस ठरवावा, तो पगार न कापता द्यावा आणि त्या दिवशीची भांडी आपल्या हातांनी घासावी, एवढ्याने ते काम होण्यासारखे आहे.